माळ्यावरच्या व्हायोलिनची तपासणी

विरार पूर्वेला पापडखिंड धरणाच्या बाजूला फुलपाडा आहे. जून लागला की इथली हवा इतकी ओली होते, की धुतलेली चादर दोन दिवस वाळत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतल्या खोल्या सोडून विरार-नालासोपाऱ्याकडे आलेल्या कुटुंबांनी येताना भांडी, देव्हारा, शिवणयंत्र आणले. काही घरांत त्यांच्यासोबत एक लांबट काळी पेटीही आली. ती माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. आजोबा व्हायोलिन वाजवायचे, कुठल्याशा बँडमध्ये होते, एवढेच पुढच्या पिढीला ठाऊक असते. मग कधीतरी घराला रंग द्यायचा निघतो, पेटी खाली येते आणि दोन तासांत तिचे बरेवाईट ठरते.

या दोन तासांत बहुतेक गोष्टी उलट्या क्रमाने होतात. कोणी ओल्या फडक्याने वाद्य पुसते, कोणी सुटलेल्या सांध्यात गोंद भरते, कोणी मोबाइलवर किंमत शोधू लागते. दवाखान्यात पेशंट आला की आधी विचारपूस होते, मग नजरेने पाहणे, मग हात लावून तपासणे. गरज असेल तरच एक्स-रे, आणि औषध सगळ्यांत शेवटी. जुन्या वाद्यालाही हाच क्रम लागू पडतो. तो मोडला तर झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही.

किंमत शोधण्याची घाई होते ती आतल्या चिठ्ठीमुळे. व्हायोलिनच्या वरच्या फळीला इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन भोके असतात. डावीकडच्या भोकातून टॉर्च मारला, की आत पाठीच्या फळीवर चिकटवलेला पिवळट कागद दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस हे नाव, इटलीतल्या क्रेमोना गावाचा उल्लेख आणि सतराशे अमुक असे साल असते. घरात एकदम शांतता पसरते. मग कोट्यवधींचे आकडे फिरू लागतात.

स्ट्रॅडिव्हेरियस १७३७ मध्ये वारला. त्याच्या हातची सुमारे ६५० वाद्ये आज शिल्लक आहेत आणि त्यांतले जवळजवळ प्रत्येक वाद्य नोंदलेले, नावानिशी ओळखले जाणारे आहे. त्याच्या नावाची चिठ्ठी मात्र लाखो व्हायोलिनांत आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीच्या सॅक्सनी भागातले मार्कनॉयकिर्शेन, त्याच्या शेजारचे बोहेमियातले शोनबाख आणि फ्रान्समधले मिरकूर ही गावे व्हायोलिनांवरच जगत होती. मार्कनॉयकिर्शेनच्या भागात एका घरात फक्त माना कोरल्या जात, दुसऱ्या घरात फक्त फळ्या, तिसऱ्यात गज. व्यापारी ते सगळे गोळा करून वाद्ये जुळवून घेई आणि जगभर पाठवी. माल एवढा जाई, की अमेरिकेने १८९३ मध्ये त्या छोट्या गावात आपली वकिलात उघडली होती. या वाद्यांत स्ट्रॅडिव्हेरियसची चिठ्ठी चिकटवणे ही त्या धंद्याची रीतच होती. तिचा अर्थ ‘स्ट्रॅडिव्हेरियसच्या घाटाचे’ इतकाच घ्यायचा. घेणाऱ्यांना ते कळत असे. ते कळत नाही ते नातवंडांना.

चिठ्ठीवर बारीक अक्षरांत आणखी काही आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे. ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनंतर परदेशी मालावर देशाचे नाव छापण्याचा प्रघात पडला. त्यामुळे कोपऱ्यात ‘जर्मनी’ असे छापलेले असेल, तर वाद्य बहुधा त्यानंतरचे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर ते १९१८ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. हे दोन शब्द १७१३ सालापेक्षा जास्त विश्वासाचे.

मग निदान आवाजावरून तरी वाद्याची थोरवी कळेल, असे वाटते. तेही तितके सोपे नाही. ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस इथे २१ कसलेल्या वादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती, दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक तितक्याच नावाजलेल्या ग्वार्नेरीचे. वादकांना सगळ्यांत जास्त आवडले ते नवे वाद्य, आणि सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. यावर वाद झाले, पुढे पॅरिसजवळ नामांकित वादकांना घेऊन पुन्हा चाचण्या झाल्या. तिथेही जुने कोणते आणि नवे कोणते, हे वादकांना खात्रीने ओळखता आले नाही. औषधांच्या चाचण्यांत डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही कोणती गोळी खरी हे का सांगत नाहीत, ते यावरून समजावे. नाव कळले की कानही तसेच ऐकू लागतो.

वाद्याचे मोल ठरवणारी दुसरीही एक गोष्ट असते. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाले तेव्हा शेवटपर्यंत वाजवत राहिलेल्या आठ वादकांचा म्होरक्या वॉलेस हार्टली होता. त्याचे मानले जाणारे व्हायोलिन २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावरून उजेडात आले. वाद्य जर्मन बनावटीचे, साधे. तारांच्या खालच्या पट्टीवर चांदीचा पत्रा होता आणि त्यावर वाग्दत्त वधू मारियाने साखरपुड्यानिमित्त कोरून घेतलेला मजकूर. पुढची सात वर्षे त्याची तपासणी चालली. गंजाचे नमुने पाहिले गेले, एका इस्पितळात सीटी स्कॅन झाला, फळीतल्या भेगा आणि आतला सरस पाहिला गेला. तरीही सगळ्यांत वजनदार पुरावा कागदाचा निघाला. मारियाच्या डायरीत एका तारेचा मसुदा होता, आणि त्यात व्हायोलिन परत मिळाल्याबद्दल कॅनडातल्या अधिकाऱ्यांचे आभार मानलेले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ते लिलावात नऊ लाख पौंडांना गेले. शंका घेणारे आजही आहेत. पण वाजवता न येणाऱ्या एका कारखानी व्हायोलिनला ही किंमत लाकडाने आणली नाही, एवढे नक्की.

फुलपाड्यातल्या घरात अशी डायरी बहुधा नसते. तिथे पुरावा एखाद्या ऐंशीच्या पुढच्या आजीच्या किंवा काकांच्या डोक्यात असतो आणि तो दरवर्षी थोडा थोडा पुसट होत जातो. म्हणून पेटी उघडण्याआधी त्यांना बोलते करायचे. वाद्य कोणी कुठून घेतले, धोबीतलावच्या दुकानातून की एखाद्या गोवेकर मास्तरकडून? वाजवणारा खुर्चीत बसून, उभा राहून वाजवी की मांडी घालून? लग्नाच्या बँडमध्ये, चर्चमध्ये, नाटक कंपनीत, की सिनेमाच्या रेकॉर्डिंगला? मुंबईत व्हायोलिन आले ते अनेक वाटांनी. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. त्यांनी पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले आणि शिष्याने १९७७ च्या सिनेमातल्या एका गाण्यात गुरूचे नाव अमर केले. दुसरीकडे गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे परदेशी वाद्य रागसंगीतात मुरवले. गीतरामायणाला साथ करणारे प्रभाकर जोग यांच्या गाणाऱ्या व्हायोलिनने ते मराठी घराघरांत नेले.

ही वाट कोणती होती, हे वाद्याच्या अंगावरही उमटलेले असते. पाश्चात्त्य पद्धतीने वाजवणारा हनुवटीखाली वाद्य धरतो. तिथे वॉर्निश झिजते, हनुवटीच्या टेकूच्या पट्टीचे वळ उठतात. आपल्याकडचा वादक बैठकीत वाद्याचे टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो, म्हणून त्या टोकाच्या कोरीव वळणाची कड घासून गुळगुळीत होते. मींड सहज यावी म्हणून काही वादक बोटांना तेल किंवा पावडर लावतात. पट्टीवर त्याचा काळपट थर राहतो. गवंड्याच्या आणि शिंप्याच्या हातावरून डॉक्टर त्याचा धंदा ओळखतात, तसाच हा प्रकार. हे सगळे डाग म्हणजे नोंदी आहेत. ओल्या फडक्याने पहिल्यांदा जातात ते हेच.

आजोबा हयात असतील आणि ‘पूर्वीसारखा आवाज राहिला नाही’ म्हणत असतील, तर वाद्यासोबत त्यांचा कानही तपासून घ्यावा. वयाने आधी वरच्या पट्टीतले ऐकू येणे कमी होते आणि व्हायोलिनचा तेजस्वीपणा तिथेच असतो. आयुष्यभर डाव्या कानाजवळ वाद्य धरणाऱ्यांचा डावा कान उजव्यापेक्षा जास्त गेलेला आढळतो. सरकारी रुग्णालयात ही चाचणी होते. तिला संकोचाचे काही कारण नाही.

विचारपूस झाली, नजर टाकून झाली, की प्रश्न येतो वयाचा. त्यासाठी एक सुंदर शास्त्र आहे. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची असते. त्या झाडाला दरवर्षी एक वलय चढते, ते पावसापाण्यावर आणि थंडीवर रुंद-अरुंद होते. फळीवरच्या उभ्या रेघा म्हणजे हीच वलये. त्या मोजून, त्यांचा रुंद-अरुंद क्रम आल्प्समधल्या झाडांच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवला, की शेवटचे वलय कोणत्या सालचे ते कळते. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या ‘मसाया’ या स्ट्रॅडिव्हेरियसच्या खरेपणावर वाद पेटला होता. त्याचे शेवटचे वलय १६८० च्या दशकातले निघाले, म्हणजे १७१६ या सालाशी ते जुळणारे. उलट १६११ मध्ये इटलीतल्या अमाती बंधूंनी बनवल्याचे मानलेल्या एका प्रसिद्ध डबल बासचे शेवटचे वलय १७६१ चे निघाले. दीडशे वर्षांची ख्याती एका रेघेने खाली आली. ही पद्धत वाद्य अमुक सालाच्या आधीचे नाही एवढेच सांगते. बनवणाऱ्याचे नाव ती सांगत नाही.

सीटी स्कॅनचे कौतुकही वाचकांच्या कानावर आलेले असते. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे रेडिओलॉजिस्ट डॉ. स्टीव्हन सिर यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कुतूहलापोटी एक व्हायोलिन यंत्रात सरकवले. लाकडाच्या नुसत्या पेटीची अपेक्षा होती. दिसल्या त्या किड्यांनी पोखरलेल्या वाटा, जुन्या भेगा, बुजवलेल्या जखमा. पुढे त्यांनी दोन वाद्यकारागिरांना सोबत घेतले आणि १७०४ च्या ‘बेट्स’ या स्ट्रॅडिव्हेरियसचे स्कॅन करून त्यावरून हुबेहूब प्रती बनवल्या. पण सरकारी रुग्णालयाच्या सीटीपुढे डोक्याला मार लागलेले आणि पोटात गाठ असलेले लोक रांगेत असतात. तिथे व्हायोलिन घेऊन जाऊ नये. घरगुती व्हायोलिनला दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि टॉर्च पुरतो. आतल्या कोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे बसवले आहेत की नाहीत, तारांखालची आतली पट्टी वेगळी चिकटवली आहे की फळीतूनच कोरून ठेवली आहे, हे पाहून जाणकार कारागीर गावाचा आणि काळाचा अंदाज देतो.

आता हात लावण्याची पाळी. पावसाळ्यात कोकण किनाऱ्याला हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते. वाद्यांना मानवते ती साधारण ४० ते ६०. ओल्या हवेत लाकूड फुगते, तेही रेषेच्या आडव्या दिशेने जास्त, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. चारी बाजूंनी चिकटवलेली फळी फुगली किंवा आक्रसली तर कुठेतरी ताण बाहेर पडणारच. जुन्या कारागिरांनी त्याची सोय करून ठेवली आहे. व्हायोलिन जोडतात ते सरसाने. सरस म्हणजे जनावरांचे कातडे उकळून काढलेले प्रथिन. आपल्या सांध्यांत आणि कंड्यांत असते त्याच कोलॅजेनचे ते रूप. सरस मुद्दाम पातळ लावतात, म्हणजे ताण आला की फळी फाटण्याआधी सांधा सुटतो, घरातला फ्यूज उडतो तसा. सुटलेला सांधा कोमट सरसाने पुन्हा बसतो आणि शंभर वर्षांनी पुन्हा उघडताही येतो.

म्हणून सुटलेला सांधा पाहून घाबरू नये, आणि त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद तर मुळीच भरू नये. तो वाळला की पाण्याने नीट सुटत नाही आणि त्यावर सरस धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात फ्यूज उडत नाही, तार जळते, म्हणजे फळीच तडकते. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या वाद्यांत वयाने झालेल्या नुकसानापेक्षा अशा मायेने केलेल्या उपचारांचे नुकसान जास्त क्लेशदायक असते. दुसरा घरगुती उपचार म्हणजे ऊन दाखवणे. पापडांना आणि गाद्यांना ते चालते. व्हायोलिनला कडक ऊन म्हणजे वॉर्निश मऊ होणे, सरस ठिसूळ होणे आणि फळी वेडीवाकडी होणे. सावलीत, वाहत्या हवेत, पेटीचे झाकण उघडे ठेवून ओल हळूहळू जाऊ द्यायची.

पेटी उघडणाऱ्याच्या प्रकृतीचेही थोडे पाहावे लागते. आतल्या मखमलीवर बुरशी असेल आणि घरात कोणाला दमा असेल, तर ती व्यक्ती त्या खोलीत नको. उघडणाऱ्याने मास्क लावावा, गॅलरीत उघडावी, फुंकर मारू नये. पॉलिश-पेपरने घासून नवे रंगरूप देण्याचा मोह टाळावा. पॅरिसच्या संग्रहालयातल्या पाच स्ट्रॅडिव्हेरियस वाद्यांच्या वॉर्निशचा अभ्यास २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात कोणतेही गूढ द्रव्य निघाले नाही. सुकणारे तेल, पाइनची राळ आणि थोडे रंग एवढेच होते, पण त्या रंगांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुगही सापडले. कारखानी वाद्यात काय वापरले असेल ते घासताना कोणालाच माहीत नसते आणि धूळ सरळ छातीत जाते.

पेटीत कसर लागू नये म्हणून टाकलेल्या डांबरगोळ्या हा आणखी गंभीर विषय. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलिनच्या नुसत्या वाफांनी रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता मुलग्यांत जास्त दिसते, पारशी आणि काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे. घरात तान्हे मूल असेल तर अशी पेटी त्या खोलीत उघडायचीच नाही आणि तिच्यासोबत ठेवलेली दुपटी धुतल्याशिवाय वापरायची नाहीत. बाळ पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर डांबरगोळ्यांचा उल्लेख डॉक्टरांपाशी आठवणीने करावा. बहुतेकदा तो कोणी करत नाही.

गजाचे केस कापल्यासारखे सुटून पडलेले दिसले, तर ते म्हातारपण नसते. घोड्याच्या शेपटीचे केस खाणारी एक बारीक अळी बंद, अंधाऱ्या पेटीत राहते. उजेड आणि हवा तिला सोसत नाहीत. पेटी आतून व्हॅक्यूमने साफ करून काही दिवस उजेडात उघडी ठेवली, की डांबरगोळीचे काम बिनविषारी होते. गजाच्या मुठीवर हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचे कवच असेल, तर विकण्याचा विचार करताना १९७२ चा वन्यजीव कायदा आठवावा. अशा वस्तूंचा व्यापार गुन्हा ठरतो.

एवढे झाल्यावर वाद्य कारागिराकडे न्यायचे. मिरजेच्या कारागिरांचे सतार-तंबोऱ्यातले कसब नावाजलेले आहे, पण व्हायोलिनची दुरुस्ती वेगळी विद्या आहे. तिथे आतला एक छोटा लाकडी खांब सगळे ठरवतो. तो चिकटवलेला नसतो, नुसता दाबाने दोन फळ्यांमध्ये उभा असतो. इटालियन आणि फ्रेंच लोक त्याला आपापल्या भाषेत ‘आत्मा’ म्हणतात. प्रवासात किंवा तारा एकदम उतरवल्यावर तो पडतो आणि पेटीत काहीतरी खुळखुळते. खुळखुळ ऐकू आली तर तारा चढवायच्या नाहीत. खांब नसलेल्या फळीवर ताण आला तर ती दबते. कारागिराला आधी विचारायचे ते हे, की सांधे कशाने जोडणार. ‘सरस’ हे उत्तर आले तर पुढे बोलावे. मूळ चिठ्ठी खोटी असली तरी ती काढू देऊ नये. तिच्या शेजारी किंवा पेटीच्या खणात नवा कागद ठेवावा. वाद्य कोणाचे, कुठून आले, काय दुरुस्त झाले, कोणत्या महिन्यात, आणि आजीने सांगितलेले जसेच्या तसे, तिच्या शब्दांत.

फुलपाड्यात दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागते. तारा चढवायला तो काळ बरा. चारही तारांचा मिळून ताण २० ते २५ किलोच्या घरात जातो, म्हणून तो एका बैठकीत द्यायचा नाही. पहिल्या दिवशी सैल, मग रोज थोडा. मध्येच घोडी पुढे झुकली आहे का, ते बाजूने पाहायचे. पहिला आठवडाभर सूर उतरत राहतो. खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात आणि हिवाळ्यात सुटून सरकतात. त्यावर जुने वादक खडू आणि साबण आलटून पालटून लावतात. सूर टिकू लागला की गजाला राळ लावून आधी मोकळ्या तारा वाजवाव्यात, आणि आजोबा असतील तर त्यांना उजव्या बाजूला बसवावे.